टेम्परेचर सेन्सर आणि ट्रान्समीटर: नक्की फरक काय, आणि तो का महत्त्वाचा?



मे महिन्यातल्या दुपारी बाईकच्या हँडलला फोन लावून, मॅप चालू ठेवून तो चार्ज करून बघितलाय कधी? थोड्या वेळात स्क्रीन मंद होते, मग चार्जिंग थांबतं आणि फोन थंड होऊ द्या असा मेसेज येतो. फोनला हे कळतं, कारण आत बॅटरीला चिकटून एक छोटासा टेम्परेचर सेन्सर बसवलेला असतो.

आता समजा तुम्ही इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करताय, एखाद्या कारखान्यात ट्रेनिंगला गेलाय, किंवा प्रोजेक्टसाठी ऑनलाइन सेन्सर शोधताय. तिथे दुसरा एक शब्द सारखा भेटतो: टेम्परेचर ट्रान्समीटर. एक वस्तू शे-दोनशे रुपयांना मिळते आणि दुसरी काही हजारांना. काम मात्र दोघांचं सारखंच वाटतं, तापमान सांगणं. मग एवढे जास्तीचे पैसे कशासाठी?

आधी थोडक्यात उत्तर देतो. सेन्सर तापमान ओळखतो. ट्रान्समीटर त्या सेन्सरचा नाजूक सिग्नल घेऊन तो लांबपर्यंत न बिघडता जाईल अशा ठरलेल्या रूपात पाठवतो, आणि सेन्सर किंवा वायर बिघडली तर तेही कळवतो. यातला शेवटचा भाग बरेचदा सांगायचा राहून जातो. पण खरी गंमत तिथेच आहे. म्हणून आज आपण हा फरक एका ठोस उदाहरणातून बघू: तुमच्या घरी येणारी दुधाची पिशवी.

सेन्सर म्हणजे काय?

तापमान बदललं की ज्याचा एखादा विद्युत गुणधर्म ठराविक पद्धतीने बदलतो, तो टेम्परेचर सेन्सर. नेहमी भेटणारे प्रकार तीन.

१. थर्मिस्टर. हा तुमच्या फोनमध्ये असतो. सर्रास वापरला जाणारा प्रकार म्हणजे एनटीसी. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. २५ अंश सेल्सिअसला १० किलोओहम असलेला एनटीसी सगळ्यात कॉमन. स्वस्त असतो, आकाराने बारीक असतो आणि लहान बदलही पटकन दाखवतो.

२. आरटीडी. यात प्लॅटिनमची बारीक तार किंवा पातळ थर असतो. कारखान्यात ज्याला सगळे 'पीटी १००' म्हणतात तो हाच. नावातच अर्थ आहे: पीटी म्हणजे प्लॅटिनम, आणि १०० म्हणजे शून्य अंशाला १०० ओहम रेझिस्टन्स. १०० अंशाला तो साधारण १३८.५ ओहम होतो. म्हणजे दर अंशाला जेमतेम ०.३८५ ओहम वाढ. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

३. थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवलं, तर दुसऱ्या बाजूला अगदी थोडं व्होल्टेज मिळतं. हा परिणाम थॉमस सीबेक यांनी १८२१ मध्ये नोंदवला. के-टाइप थर्मोकपल दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. भट्टीसारख्या हजार अंशांच्या आसपासच्या जागी हाच चालतो.

एक गोष्ट बघा. यातल्या कुणीही '७२ अंश' असं सांगितलेलं नाही. एकाने रेझिस्टन्स बदलला, दुसऱ्यानेही रेझिस्टन्स बदलला, तिसऱ्याने इवलंसं व्होल्टेज दिलं. त्याचं अंशांमध्ये रूपांतर दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं.

मग फोनमध्ये ट्रान्समीटर का नसतो?

कारण अंतर. फोनच्या बॅटरीतला थर्मिस्टर आणि त्याचं वाचन करणारी चिप यांच्यात काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढंच अंतर असतं. जुन्या, मागचं झाकण निघणाऱ्या फोनची बॅटरी पाहिली असेल, तर प्लस-मायनसशिवाय तिला जादा पट्ट्या असायच्या. त्यातली एक बऱ्याचदा थर्मिस्टरसाठी असते. चिप तिच्यावरचं व्होल्टेज वाचते, त्यावरून तापमान काढते आणि चार्जिंगचा वेग ठरवते. सिग्नलला प्रवासच नाही, तर वाटेत बिघडणार कधी?

कॉलेज प्रोजेक्टमध्ये वापरतात ती एलएम ३५ चिप दर अंशाला १० मिलिव्होल्ट देते. ब्रेडबोर्डवर चार इंच वायर असेल तर ती मस्त चालते. तीच वायर ५० मीटर करा आणि शेजारी एखादी मोठी मोटर चालू करा, मग आकडे कसे नाचतात बघा.

आता डेअरीत जाऊ

पिशवीतलं दूध पाश्चराइज केलेलं असतं. मोठ्या डेअरीत नेहमीची पद्धत अशी: दूध ७२ अंशांपर्यंत तापवायचं, निदान १५ सेकंद त्या तापमानाला ठेवायचं आणि मग झटकन थंड करायचं. टीबीसारख्या रोगांचे जंतू मरावेत म्हणून तापमान आणि वेळ यांची ही जोडी ठरवलेली आहे.

दूध ज्या नळीतून हे १५ सेकंद वाहतं, तिला होल्डिंग ट्यूब म्हणतात. तिच्या शेवटी एक पीटी १०० बसवलेला असतो. तिथे तापमान ठरलेल्या आकड्याखाली गेलं, की एक व्हॉल्व्ह आपोआप दिशा बदलतो आणि दूध पुन्हा तापवायला मागे पाठवलं जातं. म्हणजे दूध पुढे जाणार की मागे, हे या एका रीडिंगवर ठरतं.

आता समजा हा सेन्सर दोन साध्या वायरींनी थेट कंट्रोल रूमच्या पॅनेलला जोडला. पॅनेल ४३ मीटर लांब आहे. करंट जाऊन परत येणार, म्हणजे एकूण ८६ मीटर तांब्याची वायर. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरीचा एवढ्या लांबीला रेझिस्टन्स साधारण दीड ओहम होतो.

दीड ओहम म्हणजे काय मोठंसं? पण मघाचा आकडा आठवा: दर अंशाला ०.३८५ ओहम. पॅनेलला सेन्सर कुठे संपला आणि वायर कुठे सुरू झाली हे कळत नाही. त्याला सगळा रेझिस्टन्स सेन्सरचाच वाटतो. गणित असं:

- ६८ अंशाला पीटी १०० चा रेझिस्टन्स: १२६.३ ओहम
- वायरीचा रेझिस्टन्स: १.५ ओहम
- पॅनेलला दिसणारी बेरीज: १२७.८ ओहम
- १२७.८ ओहम म्हणजे किती तापमान? ७२ अंश!

दूध प्रत्यक्षात ६८ अंशाला आहे, स्क्रीनवर ७२ दिसतंय, व्हॉल्व्ह खुशाल दूध पुढे सोडतोय. अलार्म नाही, लाल दिवा नाही. सेन्सर एकदम नवा आणि अचूक आहे. चूक फक्त वायरीत आहे, आणि ती बरोबर चुकीच्या दिशेला आहे: तापमान आहे त्यापेक्षा जास्त दाखवणारी.

याला एक जुना उपाय आहे, तीन किंवा चार वायरींचा आरटीडी. तिसरी वायर वापरून वायरींचा रेझिस्टन्स मोजायचा आणि वजा करायचा. हा उपाय चांगला आहे आणि खूप ठिकाणी वापरतात. पण तीन वायरींच्या पद्धतीत सगळ्या वायरी सारख्या आहेत असं धरलेलं असतं. एका जोडावर गंज चढला की तो हिशोब चुकतो. शिवाय मोटरी आणि त्यांच्या ड्राइव्हमुळे येणारा गोंगाट राहतोच. थर्मोकपल असेल तर आणखी एक कटकट: मधे साधी तांब्याची वायर जोडली, की त्या जोडावर नको असलेले नवे जंक्शन तयार होतात आणि रीडिंग बदलतं. त्याला त्याचीच खास वायर शेवटपर्यंत न्यावी लागते.

ट्रान्समीटर इथे काय करतो?

ट्रान्समीटर सेन्सरच्या डोक्यावरच बसतो. नळीतून बाहेर आलेल्या सेन्सरवर धातूची डबी दिसते ना, तिच्यात. लहान गोल चकतीएवढा असतो. काही वेळा तो पॅनेलमधल्या पट्टीवरही लावतात, पण त्याचा खरा फायदा सेन्सरजवळ बसवल्यावरच मिळतो. तो तीन कामं करतो:

१. सेन्सरचा रेझिस्टन्स किंवा व्होल्टेज जागच्या जागी, काही सेंटिमीटरच्या वायरीवरून मोजतो.
२. त्याचं तापमान काढतो. आरटीडीचा किंचित वाकडा ग्राफ सरळ करतो. थर्मोकपल असेल तर त्याच्या दुसऱ्या टोकाचं तापमान मोजून तेवढी भर घालतो.
३. ते तापमान ठरलेल्या सिग्नलमध्ये बदलून पाठवतो. सगळ्यात प्रचलित सिग्नल म्हणजे ४ ते २० मिलीअँपिअर करंट.

समजा ट्रान्समीटरची रेंज ० ते १०० अंश आहे. मग ० अंशाला ४ मिलीअँपिअर, ५० अंशाला १२, १०० अंशाला २० आणि आपल्या ७२ अंशाला १५.५२.

व्होल्टेजऐवजी करंटच का? शेतातली पाइपलाइन डोळ्यांसमोर आणा. मोटरीपासून जसजसं लांब जाऊ, तसतसं पाण्याचं प्रेशर कमी होतं. पण पाइप कुठे गळत नसेल, तर एका टोकाने जेवढे लिटर आत गेले तेवढेच दुसऱ्या टोकाने बाहेर येतात. व्होल्टेज प्रेशरसारखं आहे, वायरीच्या लांबीत ते घटतं. करंट हा वाहणाऱ्या पाण्यासारखा आहे, एका लूपमध्ये तो सगळीकडे सारखाच असतो. त्यामुळे वायर ४३ मीटर असो की ४०० मीटर, १५.५२ मिलीअँपिअर तेवढेच पोचतात. अट एवढीच, की २४ व्होल्टच्या सप्लायमध्ये ट्रान्समीटर, वायर आणि पॅनेल सगळ्यांना पुरेल एवढं व्होल्टेज उरलं पाहिजे.

आणि भारी गोष्ट म्हणजे ट्रान्समीटरला वेगळी पॉवर लागत नाही. ज्या दोन वायरींवरून सिग्नल येतो, त्याच दोन वायरींवरून तो स्वतः चालतो.

पण शून्यापासून सुरुवात का नाही?

० ते २० न घेता ४ ते २० का? आज फक्त एकच मुद्दा लक्षात ठेवणार असाल, तर हा ठेवा.

समजा सिग्नल ० पासून सुरू होतोय. पॅनेलला ० मिलीअँपिअर मिळाले. याचा अर्थ काय? तापमान खरंच शून्य आहे? की उंदराने वायर कुरतडली? दोन्हींत आकडा एकच. सांगताच येत नाही.

सुरुवात ४ पासून केली की हा गोंधळ संपतो. ४ मिलीअँपिअर म्हणजे 'मी जिवंत आहे, तापमान शून्य आहे'. ० मिलीअँपिअर म्हणजे 'लाइन तुटली'. याला लाइव्ह झिरो म्हणतात. शिवाय ते ४ मिलीअँपिअर ट्रान्समीटरला स्वतः चालायलाही लागतात. ही कल्पना इलेक्ट्रॉनिक्सच्याही आधीची आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या जुन्या यंत्रणांमध्ये सिग्नल ३ ते १५ पीएसआय असायचा. तिथेही सुरुवात शून्यापासून नव्हतीच.

याच्याही पुढचा नियम नामूर एनई ४३ या शिफारशीत आहे. मोजमाप ३.८ ते २०.५ मिलीअँपिअरमध्ये राहील. ट्रान्समीटरला सेन्सर तुटल्याचं कळलं, तर तो मुद्दाम करंट ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर नेईल. म्हणजे वायर शाबूत आहे पण सेन्सर गेलाय, हेही पॅनेलला समजतं.

आता नुसत्या सेन्सरशी तुलना करा. अंडी उबवण्याच्या मशीनला एनटीसी लावलाय आणि त्याची वायर तुटली. रेझिस्टन्स प्रचंड वाढला. एनटीसीच्या भाषेत जास्त रेझिस्टन्स म्हणजे कडाक्याची थंडी. कंट्रोलरमध्ये हे तपासायची सोय नसेल, तर तो हीटर चालूच ठेवणार, आणि ३७.५ अंशाला ठेवायची अंडी उकडून निघणार. पीटी १०० मध्ये आत शॉर्ट झाला तरी असंच होतं: रेझिस्टन्स पडतो, तापमान खूप कमी दिसतं, हीटर चालू राहतो. बंद पडलेलं मीटर आपल्या लगेच लक्षात येतं. पटेल असा चुकीचा आकडा दाखवणारं मीटर लक्षात येत नाही, आणि म्हणून ते जास्त धोक्याचं.

कोड लिहिणाऱ्यांसाठी

मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून हा भाग जरा मनापासून. आपल्याकडे शेवटी फक्त एक आकडा येतो. त्याच्या मागे काय आहे हे माहीत नसेल तर आपला सुंदर डॅशबोर्ड बिनधास्त थापा मारतो.

रेंज दोन्हीकडे तीच ठेवा. सूत्र सोपं आहे: मिलीअँपिअरमधून ४ वजा करा, १६ ने भागा, रेंजच्या रुंदीने गुणा, मग रेंजचा खालचा आकडा मिळवा. समजा ट्रान्समीटर ० ते १०० वर सेट आहे, पण कोडमध्ये कुणीतरी ० ते १५० लिहिलंय. दूध ४८ अंशाला असताना ११.६८ मिलीअँपिअर येतील आणि स्क्रीनवर दिसेल ७२! हार्डवेअर सगळं बरोबर, वायर बरोबर, तरीही कच्चं दूध पुढे. ट्रान्समीटर बदलला की नव्याची रेंज बघितल्याशिवाय सिस्टीम चालू करू नका.

आकडा छाटू नका. ३.५ मिलीअँपिअर आले की कोड गुपचूप त्याला ० अंश करतो, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. त्याने ट्रान्समीटरने दिलेली धोक्याची सूचनाच पुसली जाते. ३.६ च्या खाली आणि २१ च्या वर गेलं, की तापमान दाखवू नका, बिघाड दाखवा.

डिजिटल सेन्सरच्या खुणा ओळखा. डीएस १८ बी २० हा प्रोजेक्टमधला लाडका सेन्सर. पॉवर दिल्यावर पहिलं मोजमाप व्हायच्या आधी वाचलं, तर तो ८५ अंश सांगतो. ती त्याची सुरुवातीची ठरलेली किंमत आहे, खरं तापमान नव्हे. आर्डुइनोवरच्या प्रसिद्ध लायब्ररीत सेन्सर निघून आला तर उणे १२७ येतं. उणे १२७ बघून कुणीही सावध होईल, पण ८५ हा अगदी शक्य वाटणारा आकडा आहे. तो तसाच ग्राफमध्ये गेला तर सरासरीची वाट लागते.

इएसपी ३२ ला ४-२० जोडायचंय? १५० ओहमचा चांगल्या दर्जाचा रेझिस्टर लावा. ४ मिलीअँपिअरला ०.६ व्होल्ट आणि २० ला ३ व्होल्ट मिळतात, म्हणजे ३.३ व्होल्टच्या आत. पीएलसीच्या बाजूला २५० ओहम वापरून १ ते ५ व्होल्ट घेण्याची पद्धत आहे.

कुठे काय वापरायचं?

- फिश टँक, घरातलं हवामान, कॉलेज प्रोजेक्ट: डीएस १८ बी २० किंवा थर्मिस्टर पुरतो. ट्रान्समीटरची गरज नाही.
- लहान ओव्हन किंवा भट्टीचा प्रयोग: के-टाइप थर्मोकपल आणि जवळच मॅक्स ६६७५ मॉड्यूल. हे मॉड्यूल ट्रान्समीटरचं अर्धं काम करतं, म्हणजे मोजतं आणि आकड्यात बदलतं. पण लांब पाठवायला ते बनवलेलं नाही.
- पॅनेल मशीनलाच लागून आहे, केबल काही मीटरच: तीन वायरींचा पीटी १०० थेट पीएलसीच्या आरटीडी कार्डला चालतो.
- डेअरी, साखर कारखाना, औषध कंपनी, लांबची टाकी, आसपास मोठ्या मोटरी: ट्रान्समीटर लावा. एखाद्या आकड्यावर माणसाची तब्येत किंवा सुरक्षा अवलंबून असेल तर इथे पैसे वाचवू नका.

नेहमी पडणारे प्रश्न

ट्रान्समीटर लावला की रीडिंग जास्त अचूक होतं का?
सेन्सरपेक्षा जास्त अचूक कधीच होत नाही. ७२ अंशाला क्लास ए पीटी १०० ला साधारण ०.३ अंश आणि क्लास बी ला साधारण ०.६६ अंश चुकीची मुभा असते. त्यात ट्रान्समीटरची स्वतःची थोडी चूक मिळवा. सेन्सर चुकीच्या जागी बसवला असेल, तर ट्रान्समीटर ते चुकीचं तापमानही प्रामाणिकपणे पाठवेल. म्हणूनच पाश्चरायझरवर दुसरं स्वतंत्र थर्मामीटर ठेवून दोन्ही आकडे ताडून बघतात.

ड्रॉइंगमध्ये टीई आणि टीटी लिहिलेलं असतं, ते काय?
टीई म्हणजे टेम्परेचर एलिमेंट, म्हणजे सेन्सर. टीटी म्हणजे टेम्परेचर ट्रान्समीटर. इंटरव्ह्यूत हमखास विचारतात.

हार्ट ट्रान्समीटर म्हणजे?
त्याच दोन वायरींवर ४-२० च्या जोडीला डिजिटल माहितीही पाठवणारा. करंटवर १२०० आणि २२०० हर्ट्झचे बारीक सूर चढवून तो बोलतो. त्यामुळे प्लँटमध्ये न जाता कंट्रोल रूममधून रेंज बघता किंवा बदलता येते.

वायफाय किंवा ब्लूटूथवाला सेन्सर म्हणजे ट्रान्समीटरच ना?
काम त्याच जातीचं आहे: मोजून, आकडा करून लांब पाठवायचा. पण बॅटरी संपली किंवा नेटवर्क गेलं तर ॲपमध्ये शेवटचा आकडा तसाच दिसत राहतो का, हे आधी तपासा. आकड्याशेजारी 'किती वेळापूर्वीचा' हे दिसत नसेल, तर ज्या कामात लाइव्ह झिरोसारखी खात्री हवी तिथे तो वापरू नका.

पुढच्या वेळी कुठल्याही स्क्रीनवर तापमान बघाल, दूध सेंटरच्या फ्रीझवर, कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा स्वतःच्या प्रोजेक्टवर, तेव्हा एक सोपी टेस्ट करता येते का बघा. जिथे परवानगी आहे आणि धोका नाही अशा ठिकाणी, हीटरची पॉवर आधी बंद करून, सेन्सरची वायर काढा. स्क्रीनवर 'बिघाड' आला तर सिस्टीम नीट बनवलेली आहे. आकडाच आला, तर तो दुरुस्त होईपर्यंत त्या स्क्रीनवर विसंबून राहू नका.